घरच्या डॅकमधला क्लॉक जिटर कमी करायचा तर काम कुठून सुरू करायचं

घरी डॅक (डिजिटल आकड्यांतून आवाजाचा सिग्नल बनवणारं सर्किट) बनवणाऱ्यांचा क्रम ठरलेला असतो. बोर्ड जमवायचा, गाणं वाजलं की खूश व्हायचं, मग कुठेतरी जिटरबद्दल, म्हणजे क्लॉकचे ठोके मागेपुढे होण्याबद्दल, वाचायचं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यात महागडा ऑसिलेटर (हे ठोके देणारा भाग) मागवायचा. म्हणजे आधी कळस मग पाया. ऑसिलेटर हा या कामातला जवळजवळ शेवटचा टप्पा आहे, त्याच्या आधी क्लॉक तयार कुठे होतो, तिथून डॅकपर्यंत कसा येतो आणि त्याला वीज कुठली मिळते हे बघायचं असतं, आणि या तिन्हीला पैसे कमी आणि डोकं जास्त लागतं.

थोडक्यात विषय असा. ४४.१ किलोहर्ट्झला दर २२.६८ मायक्रोसेकंदाला एक सॅम्पल बाहेर पडतं. सॅम्पलचा आकडा बरोबर असला तरी ते थोडं लवकर किंवा उशिरा बाहेर पडलं तर त्या क्षणाचं व्होल्टेज चुकतं, आणि सिग्नल जितका वेगाने बदलणारा तितकी ही चूक मोठी, म्हणून जिटर खालच्या सुरांपेक्षा वरच्या सुरांना जास्त छळतो. फुल लेव्हलचा १० किलोहर्ट्झचा टोन घ्या, क्लॉक १ नॅनोसेकंद पीकने नियमित मागेपुढे हलतोय असं धरा, टोनच्या दोन्ही बाजूंना साधारण उणे ९० डीबीवर एकेक साईडबँड, म्हणजे मूळ आवाजात नसलेला जोडसूर, उभा राहतो. २० किलोहर्ट्झला १६ बिटची पूर्ण रेंज टिकवायची तर रँडम जिटर साधारण १०० पिकोसेकंद आरएमएसच्या (ही एक प्रकारची सरासरी) आत लागतो, आणि १२० डीबी पाहिजे असेल तर ८ पिकोसेकंद.

आता ऐकू येतं का? १९९८ साली बेंजामिन आणि गॅनन यांनी ऐकण्याच्या चाचण्या घेतल्या, त्यात सगळ्यात नाजूक टोनलासुद्धा साधारण १० नॅनोसेकंद आरएमएसच्या खालचं कुणाला ओळखता आलं नाही, संगीतात तर मर्यादा त्याच्याही वर गेली. म्हणजे १०० पिकोसेकंदावरून ५० वर आलो की गायिका समोर येऊन बसते वगैरे जे लिहितात ते मी तरी मनावर घेत नाही. पण घरच्या बोर्डावर चुकीच्या जोडणीमुळे काही नॅनोसेकंद जिटर सहज होतो, आणि तो घालवणं जवळजवळ फुकटात जमतं, तर मग का ठेवायचा.

पहिली पायरी: क्लॉक कुठे जन्माला येतो ते शोधा

कागद घ्या आणि चित्र काढा. कुठला भाग मास्टर (क्लॉक देणारा), कुठला स्लेव्ह (तो घेणारा), मास्टर क्लॉक (सगळ्यांचा मूळ), बिट क्लॉक (दर बिटला एक ठोका) आणि वर्ड क्लॉक (दर सॅम्पलला एक) कुठून निघून कुठे जातात त्याचे बाण काढा. हे चित्र काढल्यावरच निम्मे प्रॉब्लेम दिसायला लागतात, खरंच.

समजा रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरच्या आय-स्क्वेअर-एस पिनांना (चिपांमध्ये डिजिटल ऑडिओ नेणाऱ्या) सरळ डॅक जोडलाय. जुन्या पायवर बिट क्लॉक बहुतेक वेळा ५०० मेगाहर्ट्झच्या पीएलएलला (एका क्लॉकवरून दुसरा क्लॉक बनवणारं सर्किट) भागून काढतात. ४४.१ साठी ६४ पट बिट क्लॉक म्हणजे २.८२२४ मेगाहर्ट्झ, आणि ५०० भागिले २.८२२४ म्हणजे १७७.१५ काहीतरी. पूर्ण संख्या येत नाही, म्हणून तो डिव्हायडर कधी १७७ ने भागतो कधी १७८ ने, सरासरी बरोबर येते पण क्लॉकच्या कडा (सिग्नल वरखाली होण्याचे क्षण) दर वेळी २ नॅनोसेकंदाच्या पायरीने उड्या मारतात. हे बोर्डात काही खराब असल्यामुळे होत नाही, गणितच तसं आहे, त्यामुळे पायला कितीही शुद्ध वीज द्या, ही उडी जाणार नाही. याला उपाय एकच, पायला स्लेव्ह करा आणि क्लॉक डॅकच्या बाजूने द्या. पीसीएम५१२२ सारखा चिप मास्टर होऊ शकतो, दोन ऑसिलेटर असलेले तयार बोर्डही असतात, फक्त सॉफ्टवेअरमध्ये मास्टर मोडवाला ड्रायव्हर निवडायला विसरू नका, नाहीतर बोर्डवर दोन छान ऑसिलेटर नुसते बसून राहतात आणि क्लॉक पायचाच चालतो. पीसीएम५१०२ए मात्र मास्टर होत नाही. त्याची मास्टर क्लॉकची पिन ग्राऊंडला बांधली की तो आतल्या पीएलएलने बिट क्लॉकवरून स्वतःचा क्लॉक बनवतो, त्यामुळे तिथे बिट क्लॉक जितका स्वच्छ तितकं बरं.

एस-पीडीआयएफ (एका केबलवरून डिजिटल ऑडिओ आणणारं कनेक्शन) असेल तर क्लॉक वेगळा येतच नाही, तो डेटाच्याच तारेत मिसळलेला असतो आणि रिसीव्हर पीएलएल लावून तो परत काढतो. सीएस८४१६ च्या डेटाशीटमध्ये साधारण २०० पिकोसेकंद दिलेत, डीआयआर९००१ आणि डब्ल्यूएम८८०४ ला ५०. पण हा आकडा चिपचा स्वतःचा. केबलमधून आलेला हळू गतीचा जिटर पीएलएल सरळ पुढे पाठवतो, त्याची छाननी ठरावीक फ्रिक्वेन्सीच्या वरच सुरू होते. इथे स्वस्तात करण्यासारखं बरंच आहे: रिसीव्हरच्या लूप फिल्टरचे कपॅसिटर सी-झिरो-जी किंवा फिल्मचे घ्या, एक्स-सेव्हन-आर नको, आणि ते पिनेला चिकटून लावा, तिथे लांब ट्रेस म्हणजे अँटेनाच. इनपुटला ७५ ओहमचं टर्मिनेशन (केबलशी जुळणारा टोकाचा रेझिस्टर) बरोबर करा, जमलं तर आरसीएच्या जागी बीएनसी लावा कारण साधा आरसीए सॉकेट ७५ ओहमचा नसतोच, आणि इनपुटला पल्स ट्रान्सफॉर्मर टाका म्हणजे ग्राऊंडमधला कचरा आत येणार नाही. ऑप्टिकल इनपुटला ग्राऊंडचा त्रास नाही पण त्याच्या कडा मंद असतात म्हणून जिटर जास्त निघतो, दोन्हीकडे थोडं द्यायचं थोडं घ्यायचं.

यूएसबी असेल तर तो असिंक्रोनस आहे का एवढंच बघा. असिंक्रोनसमध्ये डॅकजवळचा ऑसिलेटर मालक असतो आणि कॉम्प्युटर त्याच्या तालावर डेटा पाठवतो, हीच आपल्याला पाहिजे ती रचना. पीसीएम२७०४ सारखे जुने चिप क्लॉक यूएसबीच्या फ्रेमवरून ओढून काढतात, त्यांच्यावर मेहनत घेण्यापेक्षा ते बदला.

दुसरी पायरी: ऑसिलेटर डॅकच्या शेजारी आणा

सगळ्या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे. क्लॉक डॅक चिपच्या बाजूला जन्मला पाहिजे आणि बाकी सगळ्यांनी तो तिथून उसना घेतला पाहिजे. ऑसिलेटरपासून डॅकच्या मास्टर क्लॉक पिनेपर्यंत सगळ्यात छोटा रस्ता, आणि एका बफरमधून दुसरी शाखा मागे, म्हणजे यूएसबी रिसीव्हर किंवा पायकडे. मध्ये डिजिटल आयसोलेटर असेल तर ऑसिलेटर आयसोलेटरच्या स्वच्छ बाजूला, डॅककडे. आयसोलेटर स्वतःचा शेकडो पिकोसेकंद जिटर घालू शकतो, पण मागे जाणाऱ्या शाखेत तो पडला तर काही बिघडत नाही, कारण तिकडून परत येतो तो फक्त डेटा, आणि डेटाला सेटअप आणि होल्डची वेळ (क्लॉकच्या कडेच्या आधी आणि नंतर डेटा स्थिर राहण्याची) सांभाळली की पुरे. उलट ऑसिलेटर यूएसबी बोर्डावर आणि क्लॉक आयसोलेटरमधून डॅककडे, अशी रचना बऱ्याच तयार बोर्डांत दिसते, ती डोळे झाकून वापरू नका.

कुठली पिन महत्त्वाची हे चिपवर अवलंबून असतं. सिग्मा-डेल्टा डॅकमध्ये बहुतेक वेळा मास्टर क्लॉक, तिथे बिट क्लॉकवरचा जिटर फारसा पुढे पोचत नाही. जुन्या मल्टिबिट चिपमध्ये, टीडीए१५४१ए सारख्या, आउटपुट ज्या कडेवर लॅच होतं, म्हणजे पक्कं धरलं जातं, ती कड, आणि तीच जपायची. डेटाशीटमधली टायमिंगची आकृती बघितली की पाच मिनिटांत कळतं, मग उगाच चारही लाईनींवर मेहनत नको. ईएसएसच्या डॅकमध्ये आत असिंक्रोनस सॅम्पल रेट कन्व्हर्टर असतो, तिथे डीपीएलएलची (आतल्या डिजिटल पीएलएलची) बँडविड्थ जितकी कमी ठेवता येईल तितकी येणाऱ्या क्लॉकमधल्या जिटरची छाननी जास्त, पण फार कमी केली की लॉक तुटतो आणि टकटक आवाज येतो, म्हणून खालून सुरू करून एकेक पायरी वर चढा आणि लॉक पक्का बसला की तिथे थांबा.

दोन ऑसिलेटर लागतात, ४४.१ च्या घराण्याला २२.५७९२ मेगाहर्ट्झ आणि ४८ च्या घराण्याला २४.५७६, किंवा दुप्पट करून ४५.१५८४ आणि ४९.१५२. एका वेळी एकच चालू ठेवा, दुसरा इनेबल पिनने बंद करा. दोन्ही चालू असले की त्यांच्यातल्या फरकाच्या फ्रिक्वेन्सी वीज आणि ग्राऊंडमधून एकमेकांत घुसतात.

तिसरी पायरी: वीज

इथेच सगळ्यात जास्त मिळतं आणि इथेच लोक सगळ्यात जास्त घाई करतात. ऑसिलेटरच्या सप्लायवरचा नॉईज सरळ जिटर बनतो, कारण आतल्या लॉजिकची उंबरठ्याची लेव्हल सप्लायबरोबर हलते आणि कड तितकी मागेपुढे सरकते. कड जितकी मंद तितका हा परिणाम जास्त. म्हणून ऑसिलेटरला स्वतःचा वेगळा रेग्युलेटर द्या, दुसऱ्या कुणाबरोबर वाटून नको. एलटी३०४५ चा नॉईज १० हर्ट्झ ते १०० किलोहर्ट्झमध्ये ०.८ मायक्रोव्होल्ट आरएमएस, टीपीएस७ए४७ चा साधारण ४, आणि एलएम३१७ चा आउटपुटच्या ०.००३ टक्के म्हणजे ३.३ व्होल्टला जवळपास १००. एलएम३१७ वाईट नाही, आधीच्या टप्प्याला लावा, पण थेट क्लॉकला नको.

रेग्युलेटर ऑसिलेटरपासून १०-१५ सेंटीमीटरवर ठेवून तारेने वीज आणली तर त्याचा कमी नॉईज कागदावरच राहतो. दोघं एकमेकांच्या जवळ पाहिजेत. ऑसिलेटरच्या वीज पिनेला चिकटून १०० नॅनोफॅरडचा ०६०३ सिरॅमिक, त्याच्या ग्राऊंडच्या टोकाला लगेच व्हाया, आणि थोडं लांब १० ते १०० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक. फेराईट बीड टाकताना जरा जपून. बीड आणि छोटा सिरॅमिक मिळून एक रेझोनन्स तयार करतात आणि त्या फ्रिक्वेन्सीला नॉईज कमी व्हायच्या ऐवजी वाढतो, तिथे थोडा ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) असलेला मोठा कपॅसिटर समांतर लागतो, किंवा बीडच्या जागी २ ते १० ओहमचा साधा रेझिस्टर टाका. ऑसिलेटर १०-२० मिलिअँपच घेतो, त्यामुळे रेझिस्टरवर किती व्होल्ट पडतील ते मोजून घेतलं की झालं, आणि मला तरी रेझिस्टरच जास्त भरवशाचा वाटतो.

बफर आणि फ्लिप-फ्लॉपलाही तोच नियम. क्लॉकच्या मार्गातल्या प्रत्येक चिपला स्वच्छ वीज, आणि एका पॅकेजमध्ये एकच काम. सहा इन्व्हर्टरच्या चिपमध्ये एक गेट क्लॉकला आणि उरलेले डेटाला किंवा रिलेला वापरले तर त्या बाकीच्यांच्या स्विचिंगने चिपच्या आतला ग्राऊंड उड्या मारतो आणि तुमचा क्लॉक त्यांच्या तालावर नाचतो. एका गेटचे छोटे एसएमडी चिप मिळतात, तेच वापरा. उरलेल्या गेटांचे इनपुट उघडे सोडू नका.

चौथी पायरी: ट्रेस आणि ग्राऊंड

चार लेयरचा बोर्ड जमत असेल तर तोच करा, दुसरा लेयर अखंड ग्राऊंड. क्लॉकच्या ट्रेसखाली ग्राऊंडला चीर पडता कामा नये, कारण परतीचा करंट ट्रेसच्या बरोबर खालून जायला बघतो आणि चीर आली की तो लांबून वळसा घालून येतो, तो वळसा म्हणजे लूप अँटेना. अ‍ॅनालॉग आणि डिजिटल ग्राऊंड तोडून एका पुलाने जोडण्याची जी जुनी पद्धत आहे तिच्यात क्लॉक नेमका त्या चिरेवरून जातो असं फार वेळा दिसतं. मी तर अखंड ग्राऊंडच ठेवतो आणि भागांची मांडणी अशी करतो की डिजिटलचा करंट अ‍ॅनालॉगच्या खालून जायचं कारणच पडत नाही.

ऑसिलेटरच्या आउटपुटला, अगदी पिनेजवळ, सिरीजमध्ये २२ ते ४७ ओहमचा रेझिस्टर. एफआर-४ वर सिग्नल साधारण १ नॅनोसेकंदात १५ सेंटीमीटर जातो, आणि आजकालच्या लॉजिकची कड १ नॅनोसेकंदाच्या आसपास असते, म्हणजे २-३ सेंटीमीटरच्या पुढचा ट्रेस असला की परावर्तन जाणवायला लागतं. किती ओहम ते स्कोपवर बघून ठरवा, कडेला शिंग दिसत असेल तर वाढवा, कड लोळायला लागली तर कमी करा. प्रोबची ती लांब काळी ग्राऊंड वायर काढून टाका आणि स्प्रिंगचं छोटं ग्राऊंड लावा, नाहीतर स्कोपवर दिसणारी निम्मी शिंगं प्रोबचीच असतात. आणि बोर्ड ते बोर्ड क्लॉक न्यायचाच असेल तर रिबन केबलच्या मधल्या तारेतून नको, छोटा यूएफएल कनेक्टर आणि कोअ‍ॅक्स वापरा.

पाचवी पायरी: रिक्लॉकिंग, आणि त्यातला सापळा

बिट क्लॉक किंवा लॅचची कड घाण येत असेल तर डॅकच्या पिनेजवळ एक डी फ्लिप-फ्लॉप लावायचा, ७४एलव्हीसी१जी७९ सारखा, डेटा पिनेवर घाण कड आणि क्लॉक पिनेवर स्वच्छ मास्टर क्लॉक. बाहेर पडणारी कड आता मास्टर क्लॉकच्या वेळेवर पडते.

सापळा असा की दोन्ही क्लॉक एकाच झाडाचे असले पाहिजेत. येणारा बिट क्लॉक एस-पीडीआयएफ रिसीव्हरचा आणि फ्लिप-फ्लॉपवरचा क्लॉक तुमच्या नव्या कोऱ्या ऑसिलेटरचा असेल, तर दोघांचा काही संबंधच नाही. मग प्रत्येक कड पुढच्या जवळच्या टिकवर ढकलली जाते, म्हणजे उशीर शून्य ते एक पूर्ण पिरियड यात कितीही. २२.५७९२ मेगाहर्ट्झचा पिरियड ४४.३ नॅनोसेकंद. आधी २०० पिकोसेकंद होता तो आता ४४ नॅनोसेकंदापर्यंत हलतो, आगीतून फुफाट्यात. १०० मेगाहर्ट्झचा क्लॉक लावला तरी १० नॅनोसेकंद राहतोच. अशा ठिकाणी एकतर मेमरी बफर म्हणजे फिफो रिक्लॉकर लागतो, तो डेटा साठवून आपल्या क्लॉकवर बाहेर सोडतो आणि त्या बदल्यात थोडा उशीर घालतो, किंवा एसआरसी४१९२, एडी१८९६ सारखा सॅम्पल रेट कन्व्हर्टर लावायचा. कन्व्हर्टर जिटर नाहीसा करत नाही, येणाऱ्या क्लॉकची सरासरी काढून त्यावरून डेटाचे आकडे नव्याने मोजतो आणि उरलेला जिटर त्या आकड्यांत कायमचा जातो, पण सरासरी फार संथ असल्याने उरतो तो अगदी थोडा.

सहावी पायरी: आता ऑसिलेटर

डेटाशीटवर मोठ्या अक्षरात जो जिटर लिहिलेला असतो तो बहुतेक वेळा १२ किलोहर्ट्झ ते २० मेगाहर्ट्झ या पट्ट्यातला, टेलिकॉमसाठीचा. ऑडिओला त्याच्या खालचा भाग महत्त्वाचा, १० हर्ट्झ ते काही किलोहर्ट्झ ऑफसेटमधला (मूळ फ्रिक्वेन्सीपासून तेवढ्या अंतरावरचा) फेज नॉईज, म्हणजे ठोक्यांच्या वेळेतला नॉईज, तोच सुराच्या पायाशी येऊन बसतो. तेव्हा १० आणि १०० हर्ट्झला किती डीबीसी प्रति हर्ट्झ (मूळ क्लॉकच्या तुलनेत नॉईज किती खाली) ते बघा, तो आलेख ज्या डेटाशीटमध्ये नाही तो ऑसिलेटर सोडा. क्रिस्टेकचा सीसीएचडी-९५७ आणि एनडीकेचा एनझेड२५२०एसडी हौशी लोकांत बरेच चालतात. पाहिजे ती फ्रिक्वेन्सी भरून देणारे प्रोग्रॅमेबल ऑसिलेटर टाळा, त्यांच्या आत परत तोच फ्रॅक्शनल पीएलएल असतो ज्याच्यापासून आपण पळत होतो.

पीपीएमच्या (दहा लाखात किती फरक) आकड्याच्या मागे लागू नका. २५ पीपीएम म्हणजे सूर कायमचा एवढासा वर किंवा खाली, त्याचा जिटरशी संबंध नाही. म्हणूनच रुबिडियमचा १० मेगाहर्ट्झ बाहेरून आणून त्यावर पीएलएल लावणं घरच्या एका डॅकला उलटं पडतं, अचूकता मिळते आणि फेज नॉईज वाढतो.

सातवी पायरी: मोजणं

खरं तर हे पहिल्या बदलाच्या आधी एकदा आणि मग प्रत्येक बदलानंतर करायचं. १०० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर पिकोसेकंद दिसत नाहीत, त्यामुळे मोजायचं ते डॅकच्या अ‍ॅनालॉग आउटपुटवर. चांगला ऑडिओ इंटरफेस घ्या, आरईडब्ल्यू किंवा आर्टा हे मोजणीचं सॉफ्टवेअर लावा, ११.०२५ किंवा १२ किलोहर्ट्झचा टोन उणे ३ डीबीवर वाजवा, एफएफटी (सिग्नल वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सींत फोडणारं गणित) २,६२,१४४ पॉइंटचा, विंडो ब्लॅकमन-हॅरिस. ४८ किलोहर्ट्झला त्याची एकेक फोड ०.१८ हर्ट्झची होते, टोनचा पाया नीट दिसायला तेवढी बारीक लागते. एक अट: वाजवणारा डॅक आणि रेकॉर्ड करणारा इंटरफेस एकाच क्लॉकवर नकोत, कारण मग दोघांचा जिटर एकमेकांना बराच खाऊन टाकतो आणि आलेख उगाच सुंदर येतो. आणि इंटरफेसचा स्वतःचा जिटर खालची मर्यादा ठरवतो हेही धरून चाला.

एस-पीडीआयएफसाठी ज्युलियन डन यांची जे-टेस्ट वापरा. तिच्यात सॅम्पल रेटच्या चौथ्या भागाचा टोन आणि त्यावर शेवटचा बिट हळू गतीने उलटसुलट करणारी चौकोनी लाट असते, ४४.१ ला ती साधारण २२९.७ हर्ट्झची, ४८ ला बरोबर २५०. टोनच्या दोन्ही बाजूंना तेवढ्याच अंतरावर साईडबँड आले तर डेटामुळे क्लॉक हलतोय, म्हणजे केबल, टर्मिनेशन किंवा रिसीव्हर बघा.

बाकी वाचन असं. ५० किंवा १०० हर्ट्झवर (जिथे मेन्स ६० चा तिथे ६० किंवा १२०) जोडी दिसली तर वीज. १ किंवा ८ किलोहर्ट्झवर दिसली तर यूएसबीच्या फ्रेमचा शिरकाव, तिथे आयसोलेशन कमी पडतंय. वेगळे काटे नाहीत पण टोनचा पाया तंबूसारखा पसरलाय तर ऑसिलेटरचा जवळचा फेज नॉईज किंवा त्याच्या रेग्युलेटरचा कमी फ्रिक्वेन्सीचा नॉईज.

आणि दिसलेला साईडबँड जिटरचाच आहे याची खात्री करायची एक सोपी युक्ती आहे. समजा १० किलोहर्ट्झच्या टोनला १०० हर्ट्झ अंतरावर उणे १०० डीबीची जोडी दिसते. आता टोन १ किलोहर्ट्झ करा, लेव्हल तीच. जिटर असेल तर जोडी २० डीबीने खाली, उणे १२० ला जाईल, कारण सूर दहा पट संथ झाला. ती उणे १०० लाच बसून राहिली तर क्लॉकचा दोष नाही, डॅकच्या रेफरन्स व्होल्टेजवर हम आहे आणि तो सुराची उंची वरखाली करतोय. अशा वेळी ऑसिलेटर बदलून काहीच होणार नाही, रेफरन्स पिनेचा रेग्युलेटर आणि तिथला कपॅसिटर बघायचा. क्लॉकच्या नावाने शंख करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं मला याच पिनेवर सापडलंय.

११ किलोहर्ट्झला सगळ्या जोड्या उणे १२० च्या खाली गेल्या आणि पाया अरुंद झाला की क्लॉकचं काम थांबवा, तिथून पुढे आउटपुटचा ऑपअँप आणि त्याचा फिल्टर जास्त फरक पाडतात.